शिकणाऱ्या हातांचे तास
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मी इंजिनियर, आणि आज बोलणार आहे वकिलीबद्दल. अमेरिकेत माझ्या घराजवळ नागरी हक्कांचे खटले लढवणारं एक छोटं वकिली ऑफिस आहे. त्यांची कागदपत्रं कॉम्प्युटरवर लावून द्यायला मी सुटीच्या दिवशी जाते. तिथे कायद्याचे विद्यार्थी कॉलेज सांभाळून आठवड्याला दहा-पंधरा तास पगारी काम करतात. त्यांना ‘लॉ क्लार्क’ म्हणतात, पण आपल्या कारकुनाशी त्याचा फारसा संबंध नाही.

कोठडीत उपचार न मिळणं, पोलिसांची मारहाण, अशा तक्रारी तिथे येतात. ही मुलं जुने निकाल शोधून टिपणं काढतात, जबान्या तारीखवार लावतात. सही आणि जबाबदारी अर्थातच वकिलाची. माझा प्रोग्राम हजारो पानांतून ‘डॉक्टर’ हा शब्द क्षणात काढून देतो. पण समजा, रात्री दोन ते पाच कैद्याला कुणी पाहिल्याची नोंदच नाही. तर ती असायला हवी होती, हे मन लावून वाचणाऱ्यालाच खटकतं. खटला कधीकधी अशा न लिहिलेल्या ओळीवरच उभा राहतो.

मला पहिला प्रश्न पडला तो पैशांचा. अशील गरीब, मग पगार कुठून? उत्तर कायद्यातच आहे. सरकारी अधिकाऱ्याने हक्क डावलला तर त्याच्यावर दावा करण्याची वाट तिथे 1871 च्या कायद्याने खुली झाली. पण वकिलाला द्यायला पैसे नसले तर ती वाट कागदावरच राहते. म्हणून 1976 मध्ये दुरुस्ती झाली: फिर्यादी जिंकला, तर त्याच्या वकिलाची वाजवी फी कोर्ट प्रतिवादीकडून वसूल करून देऊ शकतं. पुढे 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने लॉ क्लार्कचे तासही बाजारभावाने त्या फीत धरता येतात, असं ठरवलं. हरलं तर मात्र काही नाही. तरी विद्यार्थ्याच्या कामाला किंमत आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं.

विद्यार्थ्याच्या कामाचं मोल काय असू शकतं? पॉली मरे ही कृष्णवर्णीय मुलगी 1944 मध्ये हॉवर्ड विद्यापीठातून कायद्याची पदवीधर झाली, वर्गात पहिली. ‘वेगळे पण समान’ या 1896 च्या निकालावर थेट घाव घाला, असं ती वर्गात म्हणाली तेव्हा मुलं हसली. तिने प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली: 25 वर्षांत तो निकाल रद्द होईल. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल दहाच वर्षांत, 1954 मध्ये आला. त्या खटल्याची तयारी करताना रॉबिन्सन यांनी तिचा विद्यार्थिदशेतला निबंध बाहेर काढला होता, हे तिला फार उशिरा कळलं.

आता आपल्याकडे या. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवड्यांची इंटर्नशिप लागते. अनेक ठिकाणी ती बिनपगारी असते. ज्याला शहरात खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे घरून मिळतात, त्याला ते परवडतं. ज्याच्या घरच्यांनी हक्कासाठी तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, नेमक्या त्याच मुलाला परवडत नाही. असे खटले आतून कळलेला विद्यार्थी आपण दाराबाहेर ठेवतो.

म्हणून एक मागणी. आपल्यापैकी जे वकील आहेत, त्यांनी आपल्या शाळेतून गेलेल्या एका तरी कायद्याच्या विद्यार्थ्याला आठवड्याचे दहा तास द्यावेत. त्या तासांचे पैसे आम्ही बाकीच्यांनी वर्गणी काढून द्यावेत. उपकार म्हणून नाही, कामाचा मोबदला म्हणून. चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे. त्याखाली एखाद्या वकिलाचं नाव आलं, की हे काम सुरू होईल.