होतो तो ताप, करायचा तो पालट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, रोजच्या बोलण्यात आपण ‘मला पश्चात्ताप झाला’ असं म्हणतो. ‘मी पश्चात्ताप केला’ असं सहसा कुणी म्हणत नाही. सर्दी होते, ताप येतो, तसा पश्चात्ताप होतो. मराठी बायबलात मात्र बाप्तिस्मा करणारा योहान आणि त्याच्यामागून येशू लोकांना सरळ आज्ञाच करतात, ‘पश्चात्ताप करा’. जे आपोआप होतं, ते आज्ञेवरून करायचं कसं?

ही अडचण मूळ ग्रीकमध्ये नाही. तिथे क्रियापद आहे ‘मेटानोएओ’. ‘नोएओ’ म्हणजे विचार करणं, उमजणं. ‘मेटा’ या उपसर्गात ‘नंतर’ आणि ‘बदल’ अशा दोन्ही छटा. आपल्या शब्दातही ‘पश्चात्’ आहे, पण त्याच्यापुढे बुद्धी नाही, ताप आहे. अर्थात नुसती फोड करून अर्थ ठरत नाही. शब्द कुठे वापरला ते पाहावं लागतं.

ख्रिस्तापूर्वीच यहुदी विद्वानांनी आपले हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले. त्यातल्या योनाच्या पुस्तकात निनवे शहराचा नाश करण्याचा बेत देव रद्द करतो. तिथे हेच क्रियापद चक्क देवासाठी आलं आहे. आता देवाच्या हातून काही पाप घडलेलं नव्हतं. म्हणजे अर्थ एवढाच, की ठरवलेलं फिरवलं.

चुटपुट लागण्यासाठी ग्रीकमध्ये दुसरं क्रियापद आहे, ‘मेटामेलोमाई’. येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दल मत्तय ते वापरतो. यहूदाने चांदीची तीस नाणी परत टाकली आणि गळफास घेतला. या दोन क्रियापदांमध्ये पक्की भिंत आहे असं मात्र समजू नये. ‘मी जात नाही’ म्हणून नंतर बापाच्या मळ्यात गेलेल्या मुलासाठीही मत्तयाने हे दुसरंच क्रियापद योजलं आहे.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो लूकच्या तिसऱ्या अध्यायातला प्रसंग. लोक योहानाला विचारतात, आम्ही नेमकं काय करावं? तो रडा म्हणत नाही, उपासही सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांनो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांनो, धाक दाखवून पैसे उकळू नका. हिशेब कसा रोखठोक आहे पाहा! आपल्या कोकणात गडगा चार हात पुढे सरकवलेला भाऊ गणपतीत घरी येतो, जुन्या आठवणींनी डोळे पुसतो, मोदक खाऊन परत जातो. त्याला वाईट वाटतं हे खोटं नाही. पण गडगा तिथेच असतो. ‘मेटानोएओ’ गडग्याविषयी बोलतं.

ख्रिस्ती धर्माची ही शब्दकळा आपल्या किनाऱ्याला नवी नाही. स्कॉटिश मिशनरी 1823 साली बाणकोटला आले होते. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल एकटीने मराठीत आणलं. बायाबापड्यांना कळेल असं सोपं मराठी हवं, जड संस्कृत शब्द नकोत, हा त्यांचा कटाक्ष. 1922 मध्ये त्या गेल्या. ग्रंथ 1924 साली निघाला.

मग या क्रियापदाला मराठीत काय म्हणावं? संतांचा ‘अनुताप’ गोड आहे, पण त्यातही तापच. ‘उपरती’ जवळची, पण तीही होते, करता येत नाही. मला विचाराल तर ‘मन पालटा’ बरं. ‘पालटा’ला आज्ञार्थ चालतो. शिवाय मत्तयात हा आज्ञार्थ ग्रीकमध्ये ज्या रूपात आहे, त्यात एकदाच करून मोकळं होणं नाही, करत राहणं आहे. तेव्हा खरं म्हणजे ‘मन पालटत राहा’.