हिरवा, पिवळा आणि निळा



वसईकडे जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "झोन कुठला?" 'ग्रीन' म्हटलं की समोरचा चहा संपवून उठतो, 'यलो' म्हटलं की खुर्ची पुढे ओढतो. विकास आराखड्याच्या नकाशात पिवळा रंग रहिवासाचा आणि हिरवा शेतीचा, हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच नकाशात निळाही असतो, पाण्याचा. तो आखणाऱ्यांनी फारसा मनावर घेतला नाही. आज त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

आधी जमीन कशी आहे ते बघू. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावर पडलेल्या पावसाला समुद्र गाठायचा असतो. वाटेत आधी महामार्ग आडवा येतो, मग रेल्वेचा बांध, आणि त्यापुढे पूर्वी मिठागरं आणि खाजणं पसरलेली होती. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर पाणी तिथं थांबायचं आणि ओहोटी लागली की निघून जायचं. म्हणजे 'पडीक' म्हणून ज्या जमिनीकडे बोट दाखवलं जायचं, ती बिचारी वर्षातले चार महिने कामावर असायची. त्याबद्दल तिला कुणी भाडं दिलं नाही, एवढंच.

किनाऱ्याच्या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये पाण्याची आणखी एक व्यवस्था आहे, बावखल. बाहेरच्या माणसाला तो साधा खड्डा वाटेल. वाडीच्या कडेला उतरत्या काठांचं लहानसं तळं, भोवती माड आणि केळी. पावसाचं पाणी त्यात साठतं, रेताड जमिनीतून हळूहळू मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवतं. आगाशीची सुकेळी, वसईची फुलं, पानवेली, भाजी, सगळा संसार या पाण्यावर उभा राहिला.

यामागचं शास्त्र ऐकण्यासारखं आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी शिरलेलं असतं. गोडं पाणी वजनाला हलकं, त्यामुळे दुधावरच्या सायीसारखं ते खाऱ्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी टिकलं, तर तिच्या खाली सुमारे 40 फूट गोड्या पाण्याचा थर तगून राहतो, असं भूजलशास्त्राचं ठोकताळ्याचं गणित आहे. आता हेच उलट करून बघा. उपसा करून वरची पातळी एक फुटाने उतरवली, तर कालांतराने खालून खारं पाणी 40 फूट वर सरकू शकतं. प्रत्यक्षात खडक, वाळू, पाऊस यांनी आकडा कमीजास्त होतो, पण दिशा हीच. बावखल बुजवणं म्हणजे एक खड्डा भरणं नव्हे, हे यावरून कळावं.

1988 साली शासनाने वसईतली सुमारे 880 हेक्टर जमीन बांधकामाला मोकळी केली. इमारती आल्या, नळ मात्र आले नाहीत. मग गावातल्या विहिरींवर पंप बसले आणि टँकर स्टेशनकडे धावू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं, ते या पार्श्वभूमीवर. पुढे नियोजन सिडकोकडे गेलं. 2007 मध्ये आराखडा मंजूर झाला, 2021 पर्यंतचा. 2009 मध्ये चार नगरपालिका आणि 53 गावं मिळून महानगरपालिका झाली आणि गावांच्या समावेशावरून पुन्हा संघर्ष पेटला. 2011च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती.

जुलै 2018चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लांब पल्ल्याच्या गाडीतले प्रवासी बोटीने उतरवावे लागले, मिठागरातल्या वस्तीतली माणसं अडकून पडली. पाऊस प्रचंड होता, असं सांगितलं गेलं. होताच. पण पाण्याने जिथं थांबायचं, तिथं भराव झाला होता हेही तितकंच खरं.

यावर नियमांत उपाय नाही असं कुणी म्हणू नये. 2020च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. अडचण अशी, की नियम भूखंडापुरता असतो आणि नाला पन्नास भूखंडांतून वाहतो. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत कागदोपत्री नियम पाळला, तरी सगळ्यांनी मिळून नाला गिळलेला असू शकतो. नाला वाचवणं हे काम आराखड्याचंच आहे.

आणि आराखड्यात मोक्याची जागा कुठली, ते सांगतो. 1966च्या नगररचना कायद्यानुसार आराखडा आखण्यापूर्वी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा तयार करावा लागतो. सगळ्यांचं लक्ष असतं पुढच्या नकाशावर, आपल्या सर्व्हे नंबरवर आरक्षण पडलं की नाही यावर. या पहिल्या नकाशाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण एखादं बावखल लहान म्हणून त्यातून सुटलं, तर आराखड्याच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. मग तिथून रस्ता गेला तरी दोष कुणाला देणार?

एक गोष्ट मात्र सरळ बोलली पाहिजे. वाडीवाल्याने बावखल राखायचं, शेजारच्याने टॉवर बांधायचा आणि सगळ्यांनी मिळून वाडीवाल्याची पाठ थोपटायची, हा न्याय नव्हे. त्याची पुढची पिढी कौतुकावर जगणार नाही. जमीन आरक्षित करून ताब्यात घेतली तर मोबदला किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, टीडीआर, मिळतो. पण बावखल मालकाकडेच राहणं चांगलं, गाळ तोच काढतो. अशा मालकाला मालमत्ता करात सवलत आणि गाळ काढायला वार्षिक अनुदान महापालिकेने का देऊ नये? पूर आल्यावर पंप भाड्याने आणण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना जेमतेम महिनाभर मिळतो. "आमच्या गावाचं सौंदर्य जपा" अशा अर्जाने काही होत नाही. सर्व्हे नंबर लिहा, नाला कुठून कुठे जातो ते लिहा, पावसाळ्यात पाणी किती दिवस थांबतं ते लिहा, फोटो जोडा. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सोबत नेमलेले तज्ज्ञ तिथं बसतात. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची जुनी प्रत आधीच काढून ठेवा आणि ती घेऊन जा. ओढे-नाले त्यावर दाखवलेले असतात, आणि तो कागद सरकारचाच असल्यामुळे समितीला सहजासहजी बाजूला सारता येत नाही.