दोन रात्रींचें फूल

मोठ्या शहरांतील वनस्पति-उद्यानाचें नांव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सहसा येत नाहीं. झाडांचें आयुष्य संथ असतें आणि वर्तमानपत्राला घाई असते. वडाला नवी पारंबी फुटली किंवा ताडाचें जुनें पान गळलें, ही कांहीं बातमी होत नाहीं. तरीपण जगांतल्या वनस्पति-उद्यानांना मधूनमधून एक प्रसंग असा लाभतो कीं, त्या वेळीं फाटकापाशीं रांगा लागतात, रात्रीं उशिरांपर्यंत दिवे जळत राहतात, आणि एरवीं झेंडू व शेवंती यांतला फरकहि न विचारणारे नागरिक मुलाबाळांसह एका कुंडीभोंवतीं गोळा होतात. हा प्रसंग म्हणजे सुमात्रा बेटांतल्या एका कंदाला फूल येण्याचा. गंमत अशी कीं, या फुलाला सुगंध नाहीं. सडलेल्या मांसासारखी दुर्गंधि आहे.

या वनस्पतीचें शास्त्रीय नांव अ‍ॅमॉर्फोफॅलस टायटॅनम. इंग्रजींत तिला टायटन अ‍ॅरम म्हणतात, आणि इंडोनेशियांत ‘बुंगा बांकाय’, म्हणजे प्रेताचें फूल. नांव परकें वाटलें तरी हिचें कूळ मराठी घराला परकें नाहीं. आपल्या मंडईंतला सुरण आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ठाणें-रायगडकडच्या रानांतून टोपल्यांत येणारीं शेवळें हीं हिचीं सख्खीं भावंडेंच होत; तिन्ही वनस्पति एकाच प्रजातींतल्या. शेवळें निवडतांना आंतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि भाजींत काकडें किंवा चिंच घालावी लागते, नाहीं तर घसा खवखवतो. हें जिला ठाऊक आहे त्या गृहिणीनें टायटन अ‍ॅरमची रचना हातांत धरून पाहिलेलीच आहे. आपण ज्याला फूल म्हणतों तें वस्तुतः एक फूल नव्हेच. मध्यें उभा दांडा. त्याच्या बुडाशीं दाटीनें बसलेलीं शेंकडों बारीक फुलें, खालच्या बाजूस मादी व वरच्या बाजूस नर. आणि या सर्वांना वेढणारें पानासारखें एक वेष्टण. शेवळ्यांत हा सारा संसार हातांत मावतो. टायटन अ‍ॅरममध्यें तो कधीं कधीं ३ मीटरांच्याहि वर जातो.

ही वनस्पति फुलण्याची घाई करीत नाहीं. एडिंबरोच्या शाही वनस्पति-उद्यानांत २०१० सालीं हिचा एक कंद तोलला, तेव्हां तो १५० किलोग्रॅमांहून अधिक भरला. अशा कंदांतून एका वेळीं एकच पान निघतें, पण तें पान झाडाएवढें असतें: देठ खोडासारखा, आणि माथ्यावर हिरवी छत्री. वर्ष-दीड वर्ष हें पान उन्हांत अन्न तयार करून कंदांत सांठवितें, आणि मग सुकून पडतें. कंद कांहीं महिने निजतो. पुन्हां नवें पान येतें. असें सात, आठ, कधीं दहा वर्षें चाललें म्हणजे एकदां पानाऐवजीं फुलोरा निघतो. कोंब प्रथम वर येतो तेव्हां तो पानाचा कीं फुलाचा, हें जाणत्या माळ्यालाहि सांगतां येत नाहीं.

फुलोरा ओळखूं आला म्हणजे उद्यानांत धांदल उडते. तो दिवसाला चार-चार इंच वाढूं लागतो. मग एका सायंकाळीं वेष्टण सुटूं लागतें आणि रात्रीं पूर्ण उघडतें. बाहेरून तें हिरवट, आंतून गर्द तांबडें-जांभळें. मधला दांडा आपोआप तापतो, इतका कीं त्याची उष्णता माणसाच्या अंगाएवढी होते. या उष्णतेनें गंधकयुक्त द्रव्यांची दुर्गंधि दूरवर पसरते. मेलेल्या जनावरांवर जगणारे भुंगेरे आणि माशा त्या वासानें फसून आंत शिरतात. पहिल्या रात्रीं फक्त मादी फुलें तयार असतात. नर फुलांचे पराग दुसऱ्या रात्रीं सुटतात, आणि तोंपर्यंत मादी फुलांचा समय संपलेला असतो. म्हणजे जवळपास दुसरें एखादें झाड नेमकें आदल्या दिवशीं उमललेलें नसेल, तर या एवढ्या खटाटोपाला फळ येत नाहीं. त्यानंतर सारा पसारा मान टाकून कोसळतो.

सुमात्राच्या अरण्यांत हें झाड प्रथम शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडलें तें १८७८ सालीं. फ्लॉरेन्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेकारी यांनीं त्याच्या बिया इटलींत पाठविल्या. त्यांतून उगवलेलें एक रोप लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानांत गेलें आणि १८८९ सालीं तेथें फुललें. आपल्या अरण्याबाहेर या जातीला आलेलें तें पहिलें फूल. त्याच उद्यानांत १९२६ सालीं पुन्हां फूल आलें, तेव्हां एवढा जनसमुदाय लोटला कीं गर्दी आवरण्यासाठीं पोलिसांना बोलवावें लागलें. १९३७ सालीं न्यूयॉर्कच्या वनस्पति-उद्यानांत तें उमललें, आणि तेथल्या ब्राँक्स विभागाला त्याचा इतका अभिमान वाटला कीं १९३९ सालीं त्यानें हेंच आपलें अधिकृत फूल ठरविलें. २००० सालीं मात्र हा मान एका सोज्ज्वळ लिलीला देण्यांत आला.

हा लोभ आजहि ओसरलेला नाहीं. सिडनीच्या शाही वनस्पति-उद्यानांत २०२५ सालच्या जानेवारींत पंधरा वर्षांच्या खंडानंतर हें फूल उमललें. सडण्याचा अर्थ असणारा एक इंग्रजी शब्द आणि बायकांचें एक नेहमींचें नांव यांची सांगड घालून त्या झाडाचें बारसें झालें होतें: ‘पुट्रिशिया’. हजारों लोक रांगेंत उभे राहिले, आणि ज्यांना जातां आलें नाहीं अशा असंख्य लोकांनीं इंटरनेटवरून रात्रभर एका मिटलेल्या कळीवर नजर ठेविली.

दुर्गंधि हुंगण्यासाठीं माणसें घरचा बिछाना सोडून जातात, हें हंसण्याजोगें खरेंच. परंतु या उत्साहाचा नुसता उपहास करणें न्याय्य होणार नाहीं. जी वस्तु मागितल्या वेळीं मिळत नाहीं, जिला लांबणीवर टाकतां येत नाहीं किंवा द्रव्य देऊन लवकर आणवितां येत नाहीं, तिची वाट पाहण्यांत मनुष्याला एक विशेष आनंद वाटतो. ग्रहण पाहण्यासाठीं गच्चीवर जमणारें कुटुंब आणि सिडनीच्या रांगेंतलें कुटुंब यांत मोठासा फरक नाहीं. शिवाय तिकिटांच्या उत्पन्नावर उद्यानाची कितीतरी न दिसणारी कामें चालतात. प्रश्न एवढाच कीं, ही गर्दी काय पाहून घरीं जाते.

या दृष्टीनें शिकागोच्या वनस्पति-उद्यानांतील २०१५ सालची हकीकत मनन करण्यासारखी आहे. त्या ऑगस्टमध्यें तेथील ‘स्पाइक’ नांवाच्या झाडाला फुलोरा आला. बारा वर्षें जोपासलेलें तें झाड. शहरांत वार्ता पसरली, लोकांची रीघ लागली, आणि रात्रीं उशिरांपर्यंत उद्यान उघडें राहिलें. पण फूल उमलेना. एक दिवस गेला, दोन गेले. वेष्टण घट्ट मिटलेलेंच. साठलेली शक्ति उमलण्यापुरती पुरली नाहीं, असें दिसून आलें. लोकांपुढें केवढी ही फजिती! एखाद्या संस्थेनें पडदा ओढून प्रकरण मिटविलें असतें. येथील शास्त्रज्ञांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं प्रेक्षकांसमक्ष तें वेष्टण कापून काढलें, आंतलीं फुलें सर्वांना दाखविलीं, आणि त्यांतील पराग पुढील उपयोगाकरितां जपून ठेवण्यासाठीं गोळा केले. उमललेलें फूल पाहण्यास आलेल्या लोकांनीं त्या दिवशीं फूल कशासाठीं असतें तें पाहिलें.

कथेचा उत्तरार्ध याहून सुरस आहे. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस त्या उद्यानांतलें ‘अ‍ॅलिस’ नांवाचें दुसरें झाड फारसा गाजावाजा न होतां उमललें. डेन्व्हर येथील उद्यानांतहि त्याच उन्हाळ्यांत एक झाड फुललें होतें, आणि त्याचे पराग काढून ठेविलेले होते. ते शिकागोच्या माळ्यांनीं कुंचल्यानें अ‍ॅलिसच्या मादी फुलांना लाविले. पुढें त्या दांड्यावर फळें धरलीं व बियाहि मिळाल्या. एका शहरांत फूल, दुसऱ्या शहरांत पराग, मध्यें शेंकडों कोसांचें अंतर. सुमात्रांत जें काम एक भुंगेरा एका रात्रींत करतो, तेंच येथें दोन संस्थांच्या पत्रव्यवहारानें आणि शीतपेटीनें साधलें.

हें काम कशासाठीं करावयाचें? कारण जेथून हें झाड आलें तेथें आतां तें विरळ होत चाललें आहे. सुमात्रांतील अरण्यें लांकडासाठीं आणि तेलताडाच्या मळ्यांसाठीं तुटत आहेत. या झाडाचीं लाल फळें खाऊन बिया दूर नेणारे मोठे धनेश पक्षीहि शिकारीमुळें कमी होत आहेत. २०१८ सालीं निसर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें या जातीची गणना संकटग्रस्तांत केली. अरण्यांत शिल्लक असलेल्या झाडांचा अंदाज एक हजाराच्याहि आंत होता. अशा जातीच्या पक्षीं उद्यानांतील प्रत्येक कुंडी ही शोभेची वस्तु राहत नाहीं. ती मुदतीची ठेव होते.

परंतु ठेवीचा हिशेब नीट असेल तरच ती ठेव. आपल्याकडे विवाह जमवितांना गोत्र विचारण्याची चाल आहे. मग गोत्र माहीत नसलेल्या झाडांचे विवाह कसे लावावयाचे? १८७८ पासून आजतागायत या झाडाच्या बिया, कंद आणि रोपें भेटीदाखल, विकत किंवा अदलाबदलीनें एका देशांतून दुसऱ्या देशांत गेलीं. कोणाचे आईबाप कोण, याची नोंद पुष्कळ ठिकाणीं रोपाबरोबर गेलीच नाहीं. शिकागोच्या शास्त्रज्ञांनीं १११ संस्थांतील सुमारें १,२०० झाडांचे दाखले गोळा केले व २०२५ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकीं २४ टक्के झाडें दुसऱ्या एखाद्या झाडाच्या तंतोतंत प्रती निघालीं, आणि २७ टक्के झाडें निकटच्या आप्तांच्या संबंधांतून झालेलीं. म्हणजे कुंड्या शेंकडों दिसल्या, तरी घराणीं थोडींच. अशी संतति पिढ्यानपिढ्या क्षीण होत जाते, आणि एखादा रोग आला असतां सर्वांना एकदम गांठतो. येथें उणीव निसर्गाची नाहीं, खताची नाहीं, मायेचीहि नाहीं. उणीव आहे ती लिहून ठेवण्याची.

वनस्पति-उद्यान आणि नुसती बाग यांतला भेद नेमका येथें आहे. शोभेच्या बागेंत झाड सुंदर असलें कीं पुरे. शास्त्रीय उद्यानांत झाडाच्या पायथ्याशीं एक लहानशी पाटी असते, आणि कचेरींतल्या वहींत त्या पाटीवरील आंकड्याचा दाखला असतो: हें कोठून आलें, कोणीं आणिलें, कोणत्या सालीं, कोणत्या झाडाचें बीं. पाटी हरवली कीं झाड जगतें, पण त्याचें शास्त्र मरतें. रोपाची अदलाबदल करतांना दहा ओळींचा कागद बरोबर पाठवावयास किती वेळ लागतो? तेवढा वेळ शंभर-सव्वाशें वर्षांत अनेकांना मिळाला नाहीं, आणि आज त्याची भरपाई प्रयोगशाळेंत एकेका पानाचा तुकडा तपासून, पुष्कळ खर्चानें, करावी लागत आहे. चांगली गोष्ट ही कीं, ती होत आहे. पराग कोणीं कोणास द्यावे, हें आतां आप्तसंबंध पाहून ठरावें, असा आग्रह हेच शास्त्रज्ञ धरीत आहेत.

दूरच्या बेटावरील या झाडाची एवढी काळजी वाहिली जात असतां, त्याच्या आपल्याकडील भावंडाची आठवण होणें साहजिक आहे. शेवळें आपण उमलण्यापूर्वींच खुडतों, कारण भाजी त्याचीच होते. जमिनीखालचा कंद राहतो, ही त्यांतली जमेची बाजू. पण जेवढे फुलोरे टोपलींत येतात, तेवढ्यांना त्या वर्षीं बीं धरत नाहीं, हेंहि खरें. त्याचें उमललेलें रूप आपल्या शहरांतील फार थोड्या लोकांनीं पाहिलें असेल. त्यासाठीं रांग लावण्याचें कारण नाहीं. ज्या आदिवासी बायका तीं टोपली भरून आणतात, त्यांना विचारलें तरी कोणत्या रानांत तीं पूर्वींइतकीं मिळतात व कोणत्या रानांत मिळत नाहींत, हें त्या सांगतील. त्यांचें सांगणें कोणी वहींत टिपून ठेवील, तर तेंहि वनस्पति-उद्यानाचेंच काम होईल.

कोठल्याशा शहरांत प्रेतफूल उमलल्याची बातमी पुन्हां येईल, चित्रें झळकतील, नाकाला रुमाल लाविलेलीं मुलें हंसतांना दिसतील. त्या आनंदांत जरूर सहभागी व्हावें. मात्र तसा योग प्रत्यक्ष आला, तर तिसऱ्या दिवशींहि एकदां त्या उद्यानांत जावें. गर्दी गेलेली असेल, वेष्टण लोळलेलें असेल, दुर्गंधि उरलेली नसेल. एखादा माळी त्या दांड्याच्या बुडाशीं वांकून, हातांत कुंचला किंवा पेन्सिल घेऊन, कांहीं करीत असेल. उद्यानाचा खरा समारंभ तो.