जुने वाद्य घ्यावे की न घ्यावे?



आजच्या विषयाचा फलक वाचून आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस वाटेतच गाठले आणि विचारले, "का हो मास्तर, सबंध जन्म पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवलात, आणि आता उतारवयात ही इलेक्ट्रिक गिटार कुठून काढलीत?" प्रश्न रास्त आहे. आम्हांस गिटार वाजवता येत नाही. परंतु आजचा विषय वाद्य वाजवण्याचा नसून ते विकत घेण्याचा आहे, आणि जुने वाद्य विकत घेऊन फसण्याचा अनुभव आमच्या गाठीशी चांगला मुरलेला आहे.

कॉलेजात असताना आम्ही एक तंबोरा घेतला. विकणाऱ्याने सांगितले की तंबोरा खास मिरजेचा, शंभर वर्षांचा, आणि एका थोर बुवांच्या मांडीवर वागलेला. शिकवण्यांचे चार महिन्यांचे पैसे आम्ही त्याच्या हातावर ठेवले. घरी येऊन तारा जुळवू लागलो तो जवारी लागेना. महिन्याभराने वरचे पॉलिश सुटले, आणि भोपळ्याला गेलेली वीतभर चीर व तीत भरलेली लाख दिसू लागली. पैसे आम्ही गोष्टीला दिले होते. तंबोरा तिच्यासोबत वर मिळाला होता. असो.

काही वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो असताना हीच वेळ आमच्या भाच्यावर आली. दिवसभर कचेरी आणि रात्री गिटार, असा त्याचा क्रम. एके दिवशी तो म्हणाला, "मामा, एक जुनी स्ट्रॅटोकास्टर विकायला आहे. 1964 सालची म्हणतात. तीन वर्षांची शिल्लक त्यात जाईल. येता का बघायला?" आम्ही म्हटले, "बघायला येतो. पण तू पैसे घरी ठेवून चल."

आता हे वाद्य काय आहे ते आधी पाहू. तंबोऱ्याला भोपळा असतो, सतारीलाही असतो. तारेचा बारीक नाद त्या पोकळीत मोठा होतो. या गिटारला पोकळीच नाही. तिचे अंग म्हणजे भरीव लाकडाची फळी. तारांखाली लोहचुंबक बसवलेले असतात, आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने 1831 साली जे तत्त्व दाखवले, तेच इथे गाऊ लागते. या जोडणीला पिकअप म्हणतात. ती वीज पुढे वर्धकाकडे जाते, म्हणजे अॅम्प्लिफायरकडे, आणि तिथे आवाज मोठा होतो.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात स्ट्रॅटोकास्टर 1954 साली निघाली. तेव्हा तिची किंमत सुमारे अडीचशे डॉलर होती. गिब्सन कंपनीची लेस पॉल 1952 सालची. तिचा 1958 ते 1960 या काळातला सोनेरी-तांबूस छटेचा प्रकार त्या वेळी फारसा खपला नाही, म्हणून कंपनीने तो बंद केला. पुढे 1966 साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत तसल्याच गिटारवर जो आवाज काढला, तो ऐकून वादक जुन्या दुकानांतून ती शोधू लागले. आज त्या प्रकारातली एकेक गिटार लाखो डॉलरांना जाते. लाकूड तेच, तारा त्याच. फक्त मागणारे वाढले, आणि जुन्या गिटारी काही नव्याने जन्माला येत नाहीत.

तेव्हा पहिला विचार असा की, आपण किंमत कशाची देतो? 2019 साली डेव्हिड गिल्मर या वादकाची काळी स्ट्रॅटोकास्टर लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरांना गेली. तिचा मूळ रंग काळा नव्हता, तिची मान बदललेली होती, पिकअप बदललेले होते. दुसऱ्या कोणाची असती तर जाणत्यांनी नाके मुरडली असती. तेथे किंमत होती ती ज्या बोटांनी ती वाजवली त्यांची, आणि त्याला पक्का पुरावा होता. आमच्या तंबोऱ्याच्या बुवांना पुरावा नव्हता, एवढाच काय तो फरक!

आता भाच्याबरोबर त्या घरी चला. घर एका वृद्ध बाईंचे. यजमान वारून वर्ष झाले होते. ते तरुणपणी लग्नसमारंभांतून वाजवीत. बाईंनी पेटी उघडली. आत लाल रंगाची गिटार. त्या म्हणाल्या, "ही 1964 ची. कंपनी विकली जाण्याच्या आधीची. ते नेहमी सांगत." त्यांच्या या वाक्याला बाजारात मोठा अर्थ आहे. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या कंपनीने फेंडरचा कारखाना 1 कोटी 30 लाख डॉलरांना घेतला, आणि त्याआधीच्या गिटारींना संग्राहक अधिक मान देतात. वास्तविक मालक बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी कारागीर बदलले नाहीत, लाकूडही बदलले नाही. कामातला फरक पुढे हळूहळू पडत गेला. पण बाजाराला अशी एखादी तारीख फार सोयीची वाटते.

भाच्याने बाईंची परवानगी घेतली, तारा सैल केल्या आणि मागचे चार स्क्रू काढले. मागच्या पत्र्यावर क्रमांक होता, एल अक्षराने सुरू होणारा. तसले क्रमांक 1962 च्या अखेरीपासून 1965 पर्यंत पडत होते, आणि पत्रे काही ओळीने बसवलेले नसत. म्हणजे त्यावरून निर्णय होईना. मान वेगळी केली तेव्हा तिच्या टोकाशी शिक्का दिसला: मे 1965. मग पुढचे झाकण काढले. आवाज कमीजास्त करण्याच्या चकत्या असतात, त्यांना कारागीर पॉट म्हणतात. त्यांच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. दोघींवर 304 आणि पुढे 65 व 12 असे आकडे होते. 304 हा स्टॅकपोल या कारखान्याचा अंक, 65 हे साल, 12 हा त्या सालातला आठवडा. यावरून पॉट केव्हाचा ते कळते, गिटार केव्हाची ते नव्हे. परंतु मार्च 1965 मध्ये बनलेला पॉट 1964 च्या गिटारमध्ये मूळचा असू शकत नाही, एवढे निश्चित. तिसरा पॉट नवा होता, आणि त्याचा डाख इतरांहून चकचकीत होता.

श्रोतेहो, एकटा पुरावा खोटे बोलू शकतो. पत्रा बदलता येतो, पॉट बदलता येतो, मानही दुसऱ्या गिटारची आणून बसवता येते. म्हणून तिन्ही-चारी साक्षीदारांना वेगवेगळे विचारावे आणि त्यांच्या जबान्या जुळतात का ते पाहावे. येथे शिक्का आणि दोन पॉट यांचे एकमत होते. गिटार खरी होती. फक्त तिचे वय एका वर्षाने कमी होते.

दुसरी गोष्ट रंगाची. मानेच्या खोबणीत लाल रंगाच्या कडेखाली पिवळसर-तपकिरी जुना थर दिसत होता. त्या काळचा नायट्रोसेल्युलोज लॅकर वयाबरोबर पिवळा पडतो, त्याला थंडी-उन्हाने बारीक भेगा जातात, आणि जंबुपार किरणांच्या दिव्याखाली तो हिरवट चमकतो. भाच्याने तसला लहान दिवा आणला होता. तो लावला तर लाल अंग निर्जीव राहिले, आणि मानेवरचा लॅकर मात्र उजळला. गिटारला पुन्हा रंग दिलेला होता. व्यापाऱ्यांत अशी रूढी आहे की, मूळ रंग गेला म्हणजे किंमत जवळजवळ निम्म्यावर येते.

येथे खोलीत शांतता पसरली. भाच्याने आमच्याकडे पाहिले. तो मराठीत म्हणाला, "मामा, सांगू का त्यांना?" आम्ही म्हटले, "तू न सांगितलेस तर ज्याने मला तंबोरा विकला त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय? आणि सांगायचे ते भाव पाडण्यासाठी नाही, हे आधी त्यांना कळू दे."

त्याने शिक्का बाईंना भिंगातून दाखवला. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "लाल रंग त्यांनी आमच्या गॅरेजमध्ये दिला होता. मला लाल आवडतो म्हणून." भाच्याने त्यांना सांगितले की, माझ्या शब्दावर जाऊ नका, दोन दुकानांत दाखवा, दोघांकडून लिहून घ्या, आणि मग ठरवा. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

त्या तीन आठवड्यांत भाच्याने आपल्या मनाचा हिशेब केला. वाद्य संग्रहासाठी घेणाऱ्याला मूळ रंग हवा, मूळ पेटी हवी, मूळ स्क्रूसुद्धा हवे. त्याच्या दृष्टीने ही गिटार घेण्याजोगी नव्हती. वाजवणाऱ्याचे प्रश्न निराळे. मान सरळ आहे का? मानेतली पोलादी कांब अजून फिरते का? धातूचे पडदे किती झिजले आहेत? तिन्ही पिकअप जिवंत आहेत का? मीटर लावल्यावर प्रत्येकाचा रोध सहा हजार ओहमच्या आसपास भरला होता, म्हणजे वेढे शाबूत होते. कांब फिरत होती. पडदे मात्र झिजले होते, ते नवे घालण्याचा खर्च धरणे भाग होते. आणि शेवटची कसोटी अशी की, डोळे मिटून ती वाजवावी, शेजारी नवी चांगली गिटार वाजवावी, आणि विचारावे: साल कोणी सांगितलेच नसते तर मी ही घेतली असती का?

बाईंचा फोन आला. दुकानदारांनी तेच सांगितले होते, आणि देऊ केलेली रक्कम भाच्याच्या अंदाजाहून कमी होती, कारण दुकानाला आपला नफा ठेवावा लागतो. भाच्याने आपल्या अंदाजाची पूर्ण रक्कम दिली. शिल्लक निम्म्याहून थोडी अधिक गेली. तिसऱ्या पॉटच्या जागी जुना शोधण्याच्या भरीस तो पडला नाही, आणि लाल रंगही त्याने तसाच ठेवला.

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, आणि घराघरांत माळ्यावर जुनी वाद्येही आहेत. म्हणून जाता जाता थोडे व्यवहाराचे सांगतो. विकायच्या आधी वाद्य चकचकीत करू नका. नवे पॉलिश जुन्या वाद्याचा पुरावा पुसून टाकते. एखादा भाग बदलावाच लागला तर काढलेला भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवा. गिब्सनसारख्या गिटारींचे खुंट्यांकडचे डोके मागे कललेले असते आणि पडल्यावर तिथेच तुटते. तो सांधा उजेडात निरखून पाहा. जुन्या गिटारची पट्टी ब्राझिलच्या शिसवीची असेल, तर 1992 पासून ती सीमेपार नेण्यास परवान्याचे बंधन आहे. आपल्याकडच्या शिसवीच्या तयार वाद्यांना 2019 पासून त्या आंतरराष्ट्रीय नियमातून सूट आहे. आणि मालक सद्गदित होऊन गोष्ट सांगू लागला तर ती जरूर ऐका, पण स्क्रू काढण्याची परवानगीही मागा. ती नाकारली गेली, तर नमस्कार करून निघा.

आमचा तंबोरा आम्ही पुढे मिरजेला एका कारागिराकडे नेला. त्याने भोपळा बदलला, जवारी काढली, आणि आमच्या लेकीने त्यावर दहा वर्षे रियाज केला. त्याचे वय किती, हे त्या कारागिराला विचारावे असे एकदा मनात आले होते. पण तोवर तो सुरात लागला होता, आणि आम्ही विचारले नाही.