शुश्रूषा : एका शब्दाचा आणि एका व्यवसायाचा विचार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शब्द मुळापासून समजून घेण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. परिचारिकांविषयी बोलताना, वैद्यकाचा गंध नसलेल्या माझ्यासारख्या भाषेच्या अध्यापकानेही शब्दापासूनच आरंभ करावा, हे उचित.

‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूचे इच्छार्थक रूप. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. गुरूचे ऐकणे, त्यावरून आज्ञापालन, त्यावरून सेवा आणि शेवटी रुग्णसेवा, असा या शब्दाचा प्रवास झाला. ‘परिचारिका’ म्हणजे भोवती वावरणारी. वैद्य येतो, पाहतो आणि पुढच्या रुग्णाकडे जातो. वावरते ती परिचारिका. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. या यादीत ज्ञान प्रथम येते. अनुराग हा चारांपैकी एक गुण आहे. आपण मात्र परिचारिकेचा गौरव करताना उरलेले तीन विसरतो आणि एकट्या अनुरागाची आरती ओवाळतो.

हे काम कोणते, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मलमूत्राची भांडी उचलणे, वाहत्या जखमा धुणे, हलू न शकणाऱ्या देहाची दर काही तासांनी कूस बदलणे, रात्रपाळीत एकेका खाटेचा श्वास मोजणे, आणि पहाटे नातेवाइकांचे बोल ऐकून घेणे. या कामाचे यश बहुधा दिसत नाही. शय्याव्रण झाले नाही, चुकीचे औषध गेले नाही, ताप चढण्यापूर्वीच ओळखला गेला, अशा न घडलेल्या गोष्टींत ते यश असते. आणि न घडलेल्या गोष्टीसाठी कोणी हार आणत नाही. मग ही माणसे हे काम का करतात?

पहिले उत्तर ‘करुणा’ हे असते, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ दिवा हाती घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र दाखविले जाते. त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांसह क्रिमियन युद्धातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, हे खरे. परंतु युद्धानंतर त्यांनी हाती घेतली ती आकडेवारी. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मरतात, हे त्यांनी आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे ठेवले, आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्येचे विद्यालय सुरू झाले. करुणा त्यांच्याजवळ होतीच. पण तिला मोजमापाची आणि शिक्षणाची जोड दिली, म्हणून तिच्यातून एक व्यवसाय उभा राहिला.

आपल्या परंपरेतही असेच दिसते. सावित्रीबाई फुले यांना प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ही करुणेची परिसीमा होय. त्यानंतर बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि पुढे त्याच्या द्वारे विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणाची वाट खुली झाली. परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करण्याचे काम घरंदाज स्त्रीने पत्करावे, हे त्या काळी पचनी पडणारे नव्हते. त्या स्त्रियांची प्रेरणा कोणती होती? सेवाभाव असेलच, पण स्वतःच्या पायावर उभे राहण्याची आसही होती, आणि तिच्यात काहीही उणे नाही. पोटासाठी केलेले काम मनापासून होत नाही, ही समजूत ज्यांना पोटाची चिंता कधी पडली नाही, त्यांची आहे.

तरीही केवळ वेतनाने सारे उलगडत नाही. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरहून मुंबईला गेलेल्या अरुणा शानबाग या केईएम रुग्णालयातील परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची देखभाल करणाऱ्यांत अशा कितीतरी परिचारिका होत्या, की ज्यांनी त्यांना हिंडता-फिरताना कधीच पाहिले नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाही, ही गोष्ट सर्वत्र नावाजली गेली. त्यांना मरण द्यावे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि ७ मार्च २०११ रोजी ती विनंती फेटाळली गेली. परिचारिका त्या विनंतीच्या विरोधात होत्या. त्या वादात सुज्ञ माणसे दोन्ही बाजूंना होती. मी त्याचा निवाडा करणार नाही. मला विचार करायला लावते ते एवढेच : बरे होण्याची आशा नाही, आभाराचा शब्द मिळणार नाही, वेतनात भर पडणार नाही, आणि तरीही ठरलेल्या वेळी कूस बदलली जाते. इथे फळ नाही. ‘माझ्या हातचे काम असे असते’ ही जाणीव मात्र आहे. कारागिराची ही निष्ठा मला करुणेइतकीच थोर वाटते.

दुसरे उदाहरण मुंबईच्या कामा रुग्णालयातील अंजली कुलथे यांचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी इमारतीत शिरले असताना त्यांनी आपल्या कक्षातील वीस गर्भवती स्त्रियांना सुरक्षित जागी हलविले, आणि त्यांपैकी एकीला कळा सुरू झाल्यावर अंधारातून प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे साक्ष देण्यासाठी त्या न्यायालयात गेल्या, त्या गणवेश घालून. त्या गणवेशाने त्यांना धीर दिला असावा, असे मला वाटते. माणूस एकटा भितो. आपल्या कर्तव्याच्या वेशात तो कमी भितो.

मित्रहो, या स्तुतीत एक धोका आहे, आणि आजच्या विषयातील तो खरा पेच आहे. ज्याला देवत्व बहाल केले, त्याला पगार विचारण्याची सोय राहत नाही. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व प्रसविका यांना अर्पण केले होते. त्याच वर्षी २२ मार्चला आपण थाळ्या वाजविल्या; आणि महिन्याभरातच, २२ एप्रिलला, आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना जबर शिक्षा ठरविण्यासाठी वटहुकूम काढावा लागला. ज्या कायद्यात ही दुरुस्ती झाली, तो प्लेगच्या वेळचा, सावित्रीबाई गेल्या त्याच १८९७ सालचा. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये लहानात लहान रुग्णालयातही दरमहा किमान वीस हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. एवढ्याशा मागणीसाठी इतक्या वर जावे लागावे, हे आपल्या आरतीला शोभत नाही.

तेव्हा परिचारिकेची प्रेरणा एक नाही. उपजीविका तिला या दारापर्यंत आणते, शिक्षण तिला आत घेते, कामातील नेटकेपणाचा अभिमान तिला टिकवून धरतो. आणि समोरच्या माणसाचे कण्हणे ऐकू येणे, म्हणजेच मूळ अर्थाची शुश्रूषा, तिला रात्री तीन वाजता खुर्चीवरून उठविते. पहिल्या तिन्हींची काळजी समाजाने घेतली, तर चौथी शाबूत राहते. अतिश्रमाने पिचलेल्या माणसाचे कान प्रथम बंद होतात.

आपल्या शाळेच्या कित्येक मुली या व्यवसायात गेल्या आहेत. मिरजेपासून मुंबईपर्यंत आणि त्याहीपलीकडे त्या काम करीत आहेत. गुणवंतांच्या फलकावर डॉक्टर आणि अभियंते यांची नावे आपण अभिमानाने लिहितो. त्या फलकावर या मुलींनाही जागा मिळावी, आणि ‘मला नर्स व्हायचे आहे’ असे एखादी मुलगी, किंवा मुलगा, म्हणाला तर शिक्षकांनी आणि पालकांनी ‘दुसरे काही जमत नाही का?’ असे विचारू नये, एवढीच माझी या व्यासपीठावरून विनंती आहे.

आपण मला शांतपणे ऐकून घेतलेत. शब्दाच्या मूळ अर्थाने ही माझी शुश्रूषाच झाली.