भाडेपट्ट्याची मुदत आणि सदनिकाधारकांची दक्षता



स्वतःचे घर ही मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक होय. शिक्षक, लिपिक, निवृत्त कर्मचारी यांची आयुष्यभराची पुंजी सदनिकेच्या चार भिंतींत गुंतलेली असते. हप्ते फिटले, कर्जमुक्तीचा दाखला हाती आला की घर कायमचे आपले झाले, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु इमारतीखालील जमीन भाडेपट्ट्याची असेल, तर हा समज अपुरा ठरतो. अशा जमिनीवरील हक्काला मुदत असते आणि ती मुदत कोणाच्याही लक्षात न येता दरवर्षी एकेका वर्षाने घटत असते.

भाडेपट्ट्याची ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. १८९६ सालच्या प्लेगनंतर दाट वस्तीच्या मुंबईत मोकळ्या, हवेशीर वसाहती उभ्या करण्यासाठी १८९८ साली नगर सुधार न्यास स्थापन झाला. न्यासाने आखलेले अनेक भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले गेले आणि १९३३ साली न्यासाचे काम महापालिकेकडे आले. पुढे १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईतील जमिनी साठ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. शासनानेही सहकारी गृहनिर्माण संस्थांना ठिकठिकाणी जमिनी पट्ट्याने उपलब्ध करून दिल्या. जमीन सार्वजनिक मालकीची राहावी, तिचा वापर ठरल्या प्रयोजनासाठीच व्हावा आणि तरीही सामान्य माणसास परवडणारे घर मिळावे, असा हेतू या पद्धतीमागे होता. त्या हेतूमुळेच मर्यादित उत्पन्नाच्या असंख्य कुटुंबांना शहरात निवारा मिळाला, हे विसरून चालणार नाही.

मात्र पट्टा म्हणजे मालकी नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०५ अन्वये पट्टा हे स्थावर मालमत्तेच्या उपभोगाच्या हक्काचे हस्तांतरण आहे, तर कलम १११ प्रमाणे ठरलेली मुदत संपताच पट्टा संपुष्टात येतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सहकारी संस्थेस जमीन पट्ट्याने मिळालेली असते, तेव्हा पट्टेदार ही संस्था असते, सभासद नव्हे. सभासदाकडे भागपत्र व सदनिकेचा भोगवटा असतो. म्हणून मुदतवाढीचा अर्ज कोणा एका सभासदाने करून भागत नाही. तो संस्थेने करावयाचा असतो आणि संस्था जागी नसेल, तर सर्वच सभासदांचे नुकसान होते.

हे नुकसान कसे होते, ते उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या संस्थेस १९७८ साली साठ वर्षांच्या पट्ट्याने भूखंड मिळाला. त्याची मुदत २०३८ साली संपते. आज त्या संस्थेतील सदनिका विकत घेणाऱ्यास वीस वर्षांचे कर्ज हवे असेल, तर कर्जाची मुदत पट्ट्याच्या मुदतीपलीकडे जाते आणि कर्ज देणारी बँक साहजिकच शंका घेते. घेणारा मागे सरतो, किंमत उतरते. दरम्यान इमारतही जीर्ण झालेली असते. तिच्या पुनर्विकासाचा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न उभा राहतो, तो जमिनीवरील हक्काचा. ज्या वयात निवृत्त सभासदास घराचा आधार हवा, नेमक्या त्याच वयात घराचे भवितव्य अनिश्चित होते.

यावर उपाय तीन प्रकारचे आहेत आणि त्यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. पट्टा संपल्यावर नव्या मुदतीसाठी तो पुन्हा करून घेणे म्हणजे नूतनीकरण. चालू पट्ट्याची वर्षे वाढवून घेणे म्हणजे मुदतवाढ. सिडकोच्या जमिनींबाबत साठ वर्षांची मुदत नव्याण्णव वर्षे करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१८ साली घेतला, तो या प्रकारचा होय. तिसरा मार्ग धारणाधिकार बदलण्याचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली पट्ट्याने दिलेल्या शासकीय जमिनी अधिमूल्य भरून भोगवटादार वर्ग-१ मध्ये रूपांतरित करण्याचे नियम २०१९ साली करण्यात आले. हे अधिमूल्य वार्षिक मूल्यदर तक्त्यातील जमिनीच्या किमतीवर आधारलेले असते. साहजिकच जमिनीचे दर वाढतात, तशी विलंबाची किंमतही वाढत जाते.

कोणता मार्ग आपल्याला खुला आहे, याचे उत्तर पट्टाकरारातच शोधावे लागते. करार वाचताना तीन कलमे बारकाईने पाहावीत : मुदत कोणत्या तारखेपासून मोजावयाची, नूतनीकरण हा पट्टेदाराचा हक्क आहे की पट्टा देणाऱ्याची मर्जी, आणि भुईभाडे केव्हा व किती वाढू शकते. शब्दाशब्दाला किती मोल असते, हे वांद्रे येथील शासकीय जमिनीवरील गृहनिर्माण संस्थांच्या दाव्यावरून दिसून येते. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणी भुईभाड्यातील वाढ ग्राह्य धरली. परंतु नूतनीकृत पट्ट्याच्या मुदतीत दर पाच वर्षांनी भाडे पुन्हा वाढविण्यास मान्यता दिली नाही.

संस्थेच्या कार्यकारी समितीने म्हणूनच काही कामे आजच हाती घ्यावीत. मूळ पट्टाकरार, मोजणी नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि भुईभाडे भरल्याच्या पावत्या एकत्र कराव्यात. मिळकत पत्रिकेवरील धारणाधिकाराची नोंद पडताळून पाहावी. परवानगीविना झालेली हस्तांतरणे किंवा वापरातील बदल शर्तभंग ठरतात. ते आधीच नियमित करून घ्यावेत, कारण मुदतवाढीच्या वेळी हीच प्रकरणे आडवी येतात. सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव करून मुदत संपण्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून अर्ज करावा. मंजुरी मिळाली म्हणजे काम संपले, असेही समजू नये. एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो आणि दस्त निष्पादित झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करावा लागतो.

या कामी उपस्थितांपैकी प्रत्येकाचा वाटा आहे. अधिकाऱ्यांनी अर्जदारास अपुऱ्या कागदपत्रांची यादी एकाच वेळी द्यावी, म्हणजे वृद्ध सभासदांचे हेलपाटे वाचतील. शिक्षकांच्या शब्दाला आपापल्या वसाहतीत मान असतो. त्यांनी हा विषय सर्वसाधारण सभेपुढे आणावा. पंचायत सदस्यांनीही ग्रामपंचायतीची जागा किंवा गाळे पट्ट्याने देताना मुदत, भाडेवाढ व नूतनीकरण यांच्या अटी निःसंदिग्ध शब्दांत लिहून घ्याव्यात. आज मोघम राहिलेले एक वाक्य पुढच्या पिढीच्या वाट्यास वाद म्हणून येते.

पट्ट्याची वर्षे शिल्लक असतात, तोवर संस्थेस विचार करण्यास, पैसा उभा करण्यास आणि वाटाघाटी करण्यास अवसर असतो. मुदत संपल्यावर उरते ती केवळ विनंती. सभासदांनी येत्या सभेत आपल्या पट्ट्याची शेवटची तारीख विचारावी. ती इतिवृत्तात नोंदली गेली, तरी पुष्कळ कार्य साधेल.