बत्तीस फ्लॅट, सत्तेचाळीस मोटारी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘सोसायटीच्या आठवणी’ हा विषय दिला होता. पण गेल्या तीन सर्वसाधारण सभांत आपण पार्किंगशिवाय दुसरं काही बोललोय का? तेव्हा आठवणीही त्याच सांगतो.

आपण कोथरूडला राहायला आलो तेव्हा फ्लॅट 32 आणि मोटारी 7. बाकी सगळ्या स्कूटर नाहीतर लुना. स्टिल्टमध्ये मुलं क्रिकेट खेळत. आज फ्लॅट 32च आहेत, मोटारी 47. प्लॉट काही वाढलेला नाही.

यात माझाही हात आहे, कबूल करतो. बँकेत शेवटची काही वर्षं मी कर्ज विभागात होतो. मार्चअखेर वाहनकर्जाचं टार्गेट असे आणि मी सह्या करत असे. पगार किती, हप्ता झेपेल का, सगळं तपासायचो. गाडी उभी कुठे करणार, हे मात्र एकाही अर्जदाराला विचारलं नाही. फॉर्मात तो रकानाच नव्हता.

आता थोडा हिशेब, जुनी सवय! छोटी मोटार साधारण चार मीटर लांब, मोठी सिटी बस बारा मीटर. म्हणजे तीन मोटारी एकामागे एक लावल्या की एक बस. सकाळी साडेनऊला मी गेटजवळच्या बाकावर असतो. बाहेर पडणाऱ्या बहुतेक मोटारींत एकटा चालक. तीन मोटारींत तीन-चार माणसं, आणि तेवढ्याच लांबीच्या बसमध्ये चाळीसेक बसलेली, उभी असतात ती वेगळी.

जाता जाता एक गंमत. 1950 साली महापालिकेची पीएमटी आली, त्याआधी पुण्यात बस चालवणाऱ्या खाजगी कंपनीचं नाव होतं सिल्व्हर ज्युबिली मोटर्स. आजच्या दिवशी ते आठवणारच!

आता तर मेट्रोही आहे. 6 मार्च 2022 ला वनाझ ते गरवारे कॉलेज सुरू झाली, 2023 च्या ऑगस्टमध्ये रुबी हॉलपर्यंत गेली, 2024 च्या मार्चमध्ये रामवाडीपर्यंत. सूनबाई मेट्रोनेच ऑफिसला जातात. चिरंजीव म्हणतात, “बाबा, स्टेशनवर उतरल्यावर पुढे काय?” त्यांचं ऑफिस स्टेशनपासून लांब आहे, त्यामुळे मुद्दा खोटा नाही.

मोटारी विका, असंही मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता माझ्या छातीत दुखू लागलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पायजम्यावरच गाडी काढली. त्या वेळी बसची वाट बघत बसलो असतो, तर आज हे भाषण दुसऱ्या कुणीतरी केलं असतं, आणि तेही श्रद्धांजलीचं.

पण गेल्या गणपतीतली गोष्ट सांगतो. आमची सौ. बसस्टॉपवर निघाली होती. गेटाबाहेर फूटपाथवर चार मोटारी उभ्या, चारही काचांवर आपल्याच सोसायटीचे स्टिकर. जायला वाट नाही म्हणून ती रस्त्यावर उतरली, मागून स्कूटरचा धक्का बसला आणि मनगट मोडलं. बरेच जण भेटायला आलात. एक गोष्ट तेव्हा कुणालाच सांगितली नाही. त्या चारांतली एक मोटार आमच्याच घरची होती, दुसरी, जिला आत जागा नव्हती. ती फूटपाथवर लावलेली मी रोज बघत होतो आणि गप्प होतो. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. दिवाळीत ती विकली. चिरंजीव अजून थोडे नाराज आहेत.

पुढच्या सभेत मुलांच्या झोपाळ्याची जागा मोडून तिथे सहा मोटारींची सोय करायचा ठराव येणार आहे. माझं मत विरोधात पडेल, आजच सांगून ठेवतो. त्या सहा जागा भरल्या की सातवी गाडी येईलच, मग कडुनिंब तोडायचा का?

फूटपाथवर आता तीन गाड्या उरल्यात. मालक समोरच बसलेत, नावं घेत नाही. सौ.चं मनगट अजून पुरतं वळत नाही. दर गुरुवारी सकाळी दहाला ती व्यायामासाठी जाते, बसनेच. निदान तेवढ्या वेळेला तरी वाट मोकळी ठेवा.